सल्ला की हुकूम?

माझ्या दारासमोर लिमयेकाकांचा फ्लॅट आहे. त्यांच्या उंबऱ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटची एक जाड रेघ मारलेली आहे आणि रेघेखाली, बाहेरून येणाऱ्याला सरळ वाचता यावं अशा बेताने लिहिलंय, ‘येथे सोसायटीची हद्द संपते.’

वर्तकनगरमधल्या आमच्या ‘नवपल्लव’ सोसायटीची मी सेक्रेटरी झाले ती काही हौसेने नाही. मी घरी ब्लाऊज शिवते. त्यामुळे मी दिवसभर घरी असते, आणि दिवसभर घरी असते म्हणजे मला वेळच वेळ असतो, असा शोध सभेत लागला. टाळ्या वाजल्या आणि मी निवडून आले. दुसऱ्या दिवशी एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या. लिमयेकाकांची बेल वाजवली. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, पिकलेले केस नीट मागे वळवलेले. दार उघडून त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं.

“सरकार, पाय मागे.”

मी वळून पाहिलं, माझ्यामागे कोणी सरकार नावाचे गृहस्थ उभे आहेत का म्हणून. कोणी नव्हतं. सरकार मीच होते. माझ्या उजव्या पायाचा अंगठा रेघेवर आला होता.

त्या दिवसापासून आजतागायत मी त्यांच्यासाठी ‘सावंतबाई’ कधीच झाले नाही. सकाळी जिन्यात भेटले की, “काय सरकार, आज कशावर बंदी?”

रेघेबद्दल कमिटीने त्यांना पत्र दिलं होतं, की पॅसेज सामाईक आहे, तिथे रंगकाम करता येत नाही. त्यांनी उत्तर पाठवलं, की रेघ चार बोटं रुंद आहे, त्यातली दोन बोटं माझ्या हद्दीत आहेत. तुमची दोन बोटं तुम्ही खुशाल खरवडून घ्या. कमिटीतला एकजण खरंच पट्टी घेऊन मोजायला गेला होता. दोन-दोनच भरली.

काकांनी सगळी नोकरी कल्याणला एका सरकारी कचेरीत केली. दाखल्यांवर शिक्के मारायचं काम. एवढी वर्षं सरकारात काढून तुम्ही सरकारच्या विरोधात कसे, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “विरोधात नाही. सरकार हवंच. चोराला धरायला हवं, मारामारी सोडवायला हवं. पण मी ते आतून पाहिलंय, म्हणून सांगतो, त्याला दाराबाहेर ठेवावं.”

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच. कोणतीही नोटीस लावा, तासाभरात काका रेघेच्या स्वतःच्या बाजूला उभे राहूनच काठीने माझी बेल दाबणार आणि विचारणार, “सरकार, हा सल्ला आहे की हुकूम?”

एकदा टाकी धुवायची होती, म्हणून मी फळ्यावर लिहिलं, ‘उद्या पाणी जपून वापरावे.’

“‘वापरावे’ हा सल्ला की हुकूम?”

“काका, विनंती आहे हो.”

“विनंती असेल तर कृपया कुठं गेलं?”

मी खाली जाऊन ‘कृपया’ लिहून आले. त्या दिवशी सबंध बिल्डिंगमध्ये सगळ्यात कमी पाणी लिमयेकाकांनी वापरलं. अर्धी बादली. बाकीच्यांनी, ज्यांना सल्ला आणि हुकूम यांतला फरक विचारायचा नव्हता, त्यांनी पिंपंच्या पिंपं भरून घेतली.

खिडक्यांच्या ग्रिलचं प्रकरण तर अजून लोक सांगतात. सगळ्यांनी ग्रिलला तपकिरी रंग द्यावा असा ठराव वार्षिक सभेत यायचा होता. काका या ठरावावर तासभर बोलले. माणसाने आपल्या खिडकीतून जगाकडे कोणत्या रंगातून बघायचं हे दुसऱ्याने ठरवायचं का, वगैरे. ठराव एक विरुद्ध बाकी सगळे असा मंजूर झाला. आता हे कोर्टात जाणार, या भीतीने मी घरी येताना खालून वर बघते तर त्यांचं ग्रिल तपकिरी. रंगाचा वास अजून येत होता.

“अहो काका, मग एवढं बोललात कशाला?”

“मी आज सकाळी रंग दिला. ठराव संध्याकाळी झाला. म्हणजे मी तो माझ्या मर्जीने दिला, सरकार. तुमचा हुकूम उशिरा पोचला.”

पॅसेजमध्ये कॅमेरा बसवला तेव्हा त्यांनी भांडण केलं नाही. मला वाटलं, थकले. दुसऱ्या दिवसापासून ते घराबाहेर पडताना कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, “मी दूध आणायला चाललो आहे. याची नोंद कोणीही घेऊ नये.” परत आल्यावर, “आलो. हेही लिहू नये.” कॅमेऱ्याला आवाज टिपता येत नाही हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

त्यांच्याकडे एक मांजर यायची. मी नाव विचारलं तर म्हणाले, “नाव कसलं? नाव ठेवलं की नोंद झाली. ती स्वतंत्र आहे. येते, जेवते, जाते.” ती स्वतंत्र मांजर दिवसातून चारदा जेवायची आणि झोपायला त्यांच्या उशीवर असायची, ते वेगळं.

असा हा माणूस. लोक त्यांना हसायचे, मीही हसायचे. पण बोंबलांच्या भांडणात मला त्यांचं दुसरं रूप बघायला मिळालं.

आमच्या पहिल्या मजल्यावर भोईर राहतात. भोईर म्हणजे इथले मूळचे. ही बिल्डिंग उभी आहे तीच मुळी त्यांच्या भाताच्या शेतावर. जमिनीच्या बदल्यात त्यांना दोन फ्लॅट मिळाले. घरात हिराआजी, त्यांचा मुलगा जगदीश आणि सून वैशाली. आजी गॅलरीत बोंबील वाळत घालायच्या आणि त्याचा वास थेट वरच्या गॅलरीत, म्हणजे लिमयेकाकांकडे जायचा. तीन-चार घरांनी तक्रार केली, की गॅलरीत मासे वाळवायला बंदी करा. सगळ्यांची समजूत अशी, की लिमये शाकाहारी, त्यात नेमके वर राहणारे, ते पाठिंबा देणारच.

काका सभेला नाकाला रुमाल बांधून आले. रुमालाला लवंगेचं तेल लावलेलं. त्यातूनच बोलले, त्यामुळे आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. “मला हा वास अजिबात सहन होत नाही. पण ती माझ्या नाकाची अडचण आहे, सरकारची नाही. बाईंची गॅलरी, बाईंचे बोंबील. मी माझी खिडकी लावून घेईन.”

बंदी बारगळली. काकांनी दोन महिने खिडकी लावून घेतली आणि ऐन एप्रिलात घामाने निथळत बसले. आजींनी त्यांना थँक्यू म्हणून ताटलीभर सुके बोंबील पाठवले. ते त्यांनी मांजरीला दिले, तेही तिला विचारून.

मग गेल्या वर्षापासून आजींना विसरायला होऊ लागलं. आधी गॅसवरचं दूध, मग सुनेचं नाव. मग दुपारी चारच्या सुमाराला त्या पिशवी घेऊन बाहेर पडू लागल्या. कुठे, विचारलं तर एकच, “शेतावर.” एकदा रिक्षावाल्याने आणून सोडलं. दुसऱ्यांदा जगदीशला त्या पार हायवेच्या कडेला सापडल्या.

“मी सांगून बघितलं ना सावंतताई,” जगदीश मला म्हणाला. त्याचे डोळे लाल झालेले. “आई, शेत इथंच आहे, आपल्या बिल्डिंगच्या खाली. तर मला म्हणते, खोटं बोलतोस, इथं तर गाड्या लावल्यात. तेव्हा मी दोन तास शोधत फिरलेलो. आता काय करू सांगा.”

त्याने काय केलं, तर सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लावलं. दोघंही नोकरीला. दुपारी एक बाई येऊन जेवायला घालून जायची, तेवढंच दार उघडायचं. मी सेक्रेटरी या नात्याने वॉचमनला सांगून ठेवलं, की आजी एकट्या गेटबाहेर जाता कामा नयेत. मला ते बरोबरच वाटलं होतं. फक्त रोज चार वाजले की खालून जाळी वाजायची. “कुनी हाय का रं? मना शेतावर जावाचं हाय.” मी मशीन जोरात चालवायचे.

पाचव्या-सहाव्या दिवशी माझी बेल वाजली. काठीने नाही, बोटाने. लिमयेकाका रेघ ओलांडून माझ्या दारात उभे होते. ‘काय सरकार’ वगैरे काही नाही.

“खाली एका बाईला कोंडलंय. आणि तुम्ही वॉचमनला तसा हुकूम दिलाय.”

“काका, त्या हरवतात.”

“माणसाला हरवण्याचासुद्धा...” असं म्हणून ते थांबले. वाक्य त्यांना पुरं करता येईना.

मीही चिडले होते. रोज ती जाळी ऐकून माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. “बसखाली आल्या तर? तुमचा हक्क रस्त्यात आडवा पडणार आहे का?”

काका वळून घरात गेले. मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. तीन दिवस नोटीसबोर्डावर काय लागलंय हेही त्यांनी विचारलं नाही. मी मुद्दाम एका नोटिशीत ‘सक्त ताकीद’ लिहून पाहिलं. तरी नाही.

चौथ्या दिवशी, शनिवारी, त्यांनी मला सोबत घेतलं आणि खाली जाऊन भोईरांची बेल वाजवली.

“जगदीश, कुलूप काढ. मी त्यांच्या मागून जाईन.”

“कुठं?”

“त्या जातील तिथं.”

“काका, तुमचं वय काय? तुमचा गुडघा...”

“गुडघा माझा आहे.” मग त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. कचेरीतल्यासारखं वळणदार अक्षर. “यात माझे अधिकार लिहिलेत. वाहन आलं तर अडवणं. बाई पडल्या तर उचलणं. त्यांनी विचारलं तर पत्ता सांगणं. संपले. कुठं जायचं, किती चालायचं, कुठं बसायचं यात मी बोलणार नाही. दहा पावलं मागे राहीन.”

जगदीशने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो म्हणाला, “आज मीपण येतो. बघू.”

त्या शनिवारची मिरवणूक सगळ्या वर्तकनगरने पाहिली. पुढे नऊवारीतल्या हिराआजी, खांद्याला पिशवी, तरातरा चाललेल्या. दहा पावलं मागे काठी टेकत लिमयेकाका, ओठ हलताहेत, कारण ते पावलं मोजताहेत. त्यांच्यामागे जगदीश. आणि जगदीशच्या मागे मी, कारण मला राहवेना. नाक्यावर आजी उजवी-डावी न बघता रस्त्यात उतरल्या. समोरून बस. काका त्या गुडघ्यासकट धावले, बसच्या पुढ्यात उभे राहिले आणि काठी आडवी धरून ओरडले, “थांब!”

ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं काढून त्यांना काय काय म्हणाला, ते इथे लिहिता येणार नाही. शेवटी त्याने विचारलं, “रस्ता काय तुमच्या बापाचा आहे काय?”

“नाही. पण हा हुकूम आहे!” लिमयेकाका म्हणाले.

जगदीश तिथेच फुटपाथवर बसला आणि एकाच वेळी हसायला आणि रडायला लागला. सोमवारपासून दुपारी जेवायला घालणारी बाई जाताना कुलूप लावेनाशी झाली. वॉचमनला मी माझा हुकूम मागे घेतल्याचं सांगितलं. काकांनी तो लेखी मागे घ्यायला लावला.

पंधरा-वीस दिवस छान गेले. मग एका दुपारी हिराआजी माझ्याकडे आल्या. मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “बाय, तुना सांगतंय. यो एक म्हातारा माझे मागं लागलाय.”

“कोण म्हातारा?”

“काठीवाला. रोज मागं मागं येतं. मी थांबली का तो पन थांबतं. मेल्याला काय लाज हाय का नाय? तू सरकार हाय ना? बघ त्याला.”

सांगू की नको असं झालं मला. पण सांगितलं. वाटलं होतं, काका हसतील, निदान दुखावतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“तक्रार रास्त आहे,” ते म्हणाले. “आपल्या मागे कोणी येऊ नये असं म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. तुम्ही माझ्यावर कारवाई करा, सरकार.”

“आता मी काय कारवाई करू?”

“मग मीच करतो. उद्यापासून पंचवीस पावलं.”

पंचवीस पावलांवरून बस अडवायची तर धावता यायला हवं. म्हणून काका सकाळी पार्किंगमध्ये सराव करू लागले. गाड्यांच्या मधून बहात्तर वर्षांचा माणूस काठी बगलेत धरून पळायचा आणि खांबाला हात लावून परत यायचा. लोक गॅलरीतून बघायचे. आजी ओळखतील म्हणून त्यांनी टोपी घातली, मग शर्टाचा रंग बदलला, एक दिवस तर मफलर गुंडाळून गेले, मे महिन्यात. मफलरमुळे सगळा रस्ता त्यांच्याकडे बघू लागला आणि आजींनी मला येऊन सांगितलं, “आता दुसरा मागं लागलाय.”

त्यानंतरच्या आठवड्यात मी अस्तराचं कापड आणायला बाजाराकडे निघाले होते. कोपऱ्यावरच्या उसाच्या रसाच्या गाडीआड लिमयेकाका उभे दिसले. पलीकडे पंचवीस पावलांवर हिराआजी. त्या चालत नव्हत्या. चारी बाजूंना टॉवर, आणि त्या एकेकाकडे मान वर करून बघत जागच्या जागी फिरत होत्या. बांध कुठे, विहीर कुठे, काही लागत नव्हतं. तोंड रडवेलं झालेलं. काकांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं. विचारल्याशिवाय पत्ता सांगायचा नाही, असं स्वतःच लिहून दिलेलं. मला ओरडावंसं वाटलं, अहो जा ना.

तेवढ्यात आजींनी त्यांना पाहिलं. तडक चालत आल्या. काका शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे राहिले, आता शिव्या बसणार म्हणून.

“तू कोन रं?”

“मी... लिमये.”

“हितं काय करतंस?”

काकांना खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगायची सोय नव्हती. आजींनी त्यांच्याकडे खालून वर नीट पाहिलं. घाम, उलटी झालेली कॉलर, काठीवर टाकलेला सगळा भार.

“तुझे घरा कोन हाय?”

जनगणनेवाल्या बाईने हाच प्रश्न विचारल्यावर काकांनी अर्धा तास भाषण दिलं होतं. मी त्या भाषणाची वाट बघत उभी राहिले.

“कोणी नाही,” काका म्हणाले.

“मंग हरवलास तू?”

रसाच्या गाडीचे घुंगरू वाजत होते, तरी मला त्यांचं उत्तर ऐकू आलं. “हो.”

आजींचा चेहरा एकदम बदलला. रडं कुठल्या कुठे गेलं. त्यांनी काकांचं कोपर धरलं. “भिऊ नको. चल माझे बरोबर. मी पोचवतंय तुना.” आणि त्या त्यांना घेऊन निघाल्या, आमच्या बिल्डिंगच्या बरोबर उलट्या दिशेला. काका निमूट चालले. मी थोडी मागोमाग गेले, तेव्हा काकांना विचारताना ऐकलं, “यंदा भात कसं आहे?” आजी सांगायला लागल्या.

ती दोघं परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. काकांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी होती. पाय भरून आल्यावर त्यांनी ती आजींच्या हातात दिली आणि म्हणाले, मला इथे जायचंय. मग आजी दुकानादुकानातून ती चिठ्ठी दाखवत, “याला घरा पोचवाचं हाय, गरीब हाय बिचारा,” असं सांगत, रस्ता विचारत विचारत त्यांना थेट आमच्या गेटापर्यंत घेऊन आल्या. वॉचमनलाही बजावलं, की याला एकट्याला बाहेर सोडू नको.

तेव्हापासून हे असंच चाललंय. चार वाजले की आजी जिना चढून वर येतात, लिमयेकाकांचं दार वाजवतात आणि जाताना माझ्याकडे डोकावून म्हणतात, “एकटा गेला का हरवतं गो यो. नेतंय जरा.” कधीकधी त्यांना यायला उशीर होतो. पण काकांची चाहूल मला माझ्या मशीनपाशी बसून लागते. पावणेचारपासून ते चपला घालून, केस विंचरून, दाराच्या आत नुसते उभे असतात.